कपाशीच्या काड्यांचा कोळसा, रासायनिक खत आणि आसंधाचे पीक



गेल्या दोन हंगामांपासून सारंगखेडा गटातील बरेच सभासद गट ऑफिसात येऊन एकच विचारणा करीत आहेत. जमिनीत कोळशाची भुकटी, म्हणजे हल्ली ज्याला बायोचार म्हणतात ती, टाकली म्हणजे रासायनिक खत निम्म्यावर येते, आणि त्या जमिनीत औषधी वनस्पती लावल्या तर उसापेक्षा जास्त पैसे होतात, असे त्यांच्या कानावर घातले गेले आहे. काहींना पिशवीबंद कोळसा, सोबत बेणे आणि माल परत घेण्याचा कागदही दाखविण्यात आला. दोन-तीन ठिकाणी चांगला खोडवा मोडण्याची भाषा सुरू झाली, म्हणून हा विषय सविस्तर मांडणे आम्हास जरूर वाटले.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. कोळसा उपयोगी वस्तु आहे, पण तो खताच्या जागी चालत नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत तो जपूनच वापरला पाहिजे. ज्यांच्याकडे कडेला हलक्या जमिनीचा तुकडा आहे त्यांनी १० गुंठ्यांत, स्वतः तयार केलेला कोळसा शेणखतात मुरवून, सोबत बेताचे रासायनिक खत देऊन आसंध लावून पाहावा. त्यासाठी ऊस मोडण्याचे काहीही कारण नाही.

आता हा कोळसा म्हणजे काय ते पाहू. काडी उघड्यावर जाळली की राख उरते. तीच काडी हवा कमी ठेवून भाजली तर तिच्यातील ओल आणि धूर निघून जातो आणि कोळसा उरतो. राखेत पालाश व चुन्यासारखे क्षार असतात, कर्ब जवळजवळ नसतो. कोळशात निम्म्याहून अधिक कर्ब असतो, आणि तो लवकर कुजत नाही. शेणखतातील बराचसा कर्ब आपल्या उन्हात दोन-चार वर्षांत उडून जातो, कोळशाचा कर्ब मात्र पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत राहतो. शिवाय कोळशाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांत पाणी राहते, खताचा अंश धरला जातो, जिवाणूंना थारा मिळतो. हलकी, पाणी न धरणारी जमीन असेल तेथे याचा फायदा समजण्यासारखा आहे.

काही सभासद कारखान्याच्या बॉयलरची राख कोळसा समजून मागतात. ती राख आहे, तिच्यात अर्धवट जळलेल्या भुशाचे काळे कण दिसतात इतकेच. या लेखातील प्रमाणे त्या राखेला लावू नयेत.

भाजलेली माती आणि कोळसा यांची ओळख आपल्या लोकांना नवी नाही. कोकणात, मावळात, इगतपुरीकडे भाताची रोपे टाकण्यापूर्वी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, फांद्या अंथरून वरून माती टाकून ते धुमसत ठेवतात. त्यातून राख आणि थोडा कोळसा दोन्ही मिळतात, तणाचे बी मरते, रोप जोमाने येते. दूर ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात जुन्या वस्त्यांच्या जागी काळ्या मातीचे पट्टे सापडतात. आजूबाजूची माती पिवळी, निकृष्ट, आणि मध्येच हा काळा सुपीक पट्टा. शेकडो वर्षांपूर्वी तेथील लोकांच्या चुलीचा कोळसा, हाडे, उकिरडा यांच्यातून तो तयार झाला आहे. बायोचारची आजची सगळी चर्चा या मातीपासून सुरू झाली.

येथेच सभासदांनी थोडे थांबून विचार करावा. कोकणातील तांबडी माती असो की अ‍ॅमेझॉनची, दोन्ही आम्ल आहेत. तेथे कोळशातील व राखेतील चुना जमिनीचा आंबटपणा मोडतो आणि पीक सुधारते. २०१७ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण प्रदेशांत कोळशाने उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढलेले दिसले, थंड प्रदेशांत सरासरी वाढ दिसली नाही. पिशव्या विकणारे पहिला आकडा सांगतात. आपण उष्ण प्रदेशातच राहतो, तेव्हा तो आपलाच आकडा असे ऐकणाऱ्यास वाटते. पण ती वाढ मुख्यतः आम्ल आणि कसहीन जमिनींतील आहे, हे सांगायचे राहून जाते.

आपली जमीन नेमकी उलट बाजूची. सारंगखेडा शिवारातील भारी काळ्या जमिनीचे माती परीक्षण अहवाल काढून बघा, सामू बहुधा ८ च्या आसपास किंवा वर दिसेल. चुनखडी आहेच. पाणी जास्त झालेल्या काही शेतांत क्षार वर येऊन जमीन खारवट होऊ लागली आहे. अशा जमिनीत जस्त आणि लोह पिकाला मिळत नाही, उसावर केवडा पडतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. ताजा कोळसा स्वतः अल्कधर्मी असतो. केवडा पडणाऱ्या शेतात एकरी चार-पाच टन कोळसा टाकला तर तो केवडा वाढविण्याचाच संभव जास्त. तेव्हा ज्यांच्या अहवालात सामू ८.२ च्या पुढे आहे किंवा जमीन चोपण आहे, त्यांनी कोळशाच्या नादी लागू नये. त्यांना हिरवळीचे खत, मळीचे कंपोस्ट आणि चर काढून पाण्याचा निचरा यांची गरज आधी आहे.

कोळसा कशाचा करावा?

पाचटाचा करावा का, हा प्रश्न उसाच्या सभासदास पडणारच. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बनविली. बंद पिंपांत पाचट भरून ती विटांच्या भट्टीत तापवायची अशी ती पद्धत. या कामाबद्दल संस्थेस २००२ साली इंग्लंडमधील अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मात्र तो कोळसा कांड्या करून चुलीत जाळण्यासाठी होता, आणि जे पाचट शेतकरी नाही तरी पेटवूनच देत होते त्याचा उपयोग व्हावा हा त्यामागील हेतु होता.

खोडवा ठेवणाऱ्या सभासदाने पाचट शेतातच ठेवावे, या मतावर आम्ही ठाम आहोत. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत कुजविले तर साधारण ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश जमिनीस परत मिळतो, उन्हाळ्यात ओल टिकते, एक-दोन पाण्याच्या पाळ्या वाचतात. भट्टीत घातले तर यातील नत्र बहुतेक उडून जाते. तोडणी टोळी गेली की रात्रीतून पाचट पेटवून देण्याची सवय अजून काही शिवारांत आहे. त्याविषयी आम्ही या पत्रकातून अनेकदा लिहिले आहे, येथे पुन्हा लिहीत नाही.

कोळशासाठी आपल्याकडे योग्य वस्तु म्हणजे कपाशीच्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, आणि त्याखालोखाल तुराट्या. त्या लवकर कुजत नाहीत, गुरे खात नाहीत, आणि बांधावर रचून ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. म्हणून कपाशी डिसेंबर-जानेवारीत उपटून काड्यांची विल्हेवाट लावण्यास कृषी खाते सांगत असते. बहुतेक लोक त्या पेटवून देतात. त्याच आगीतून थोडी युक्ती केली तर कोळसा मिळतो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनेही तेलाच्या रिकाम्या पिंपाची भट्टी करून कपाशी, तूर, एरंडी, मका यांच्या काड्यांचा कोळसा करून दाखविला आहे. पिंप नसले तरी अडत नाही, खड्डा पुरतो.

वर पाच फूट रुंद आणि मध्ये अडीच फूट खोल असा, कढईच्या आकाराचा खड्डा खणावा. काड्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओल्या घातल्या तर नुसता धूर होतो आणि शेजारपाजारची माणसे भांडायला येतात. तळाशी थोड्या काड्या पेटवून चांगला जाळ झाला की पातळ थर टाकावा. त्या थराच्या काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की लगेच वरचा थर. वर जाळ असतो, तो हवा खाऊन टाकतो, म्हणून खालच्या थराची राख न होता कोळसा राहतो. दोन-तीन तासांत खड्डा भरतो. शेवटचा थर भाजून झाला की भरपूर पाणी किंवा पातळ शेणकाला ओतून सगळे पूर्ण विझवावे. चांगला कोळसा हातात कट्‌कन मोडतो, हाताला लागलेला काळेपणा नुसत्या पाण्याने जातो. तेलकट राहिला तर भाजणी कच्ची झाली असे समजावे.

हे काम सकाळी वारा नसताना करावे. उभ्या उसाजवळ, गंजीजवळ, विजेच्या तारांखाली करू नये. विझलेला दिसणारा कोळसा आतून धुमसतो आणि रात्री पोते पेटते. तेव्हा तो पसरून एक दिवस उघड्यावर ठेवावा, मग भरावा. कुटताना ओला करून कुटावा, नाकातोंडास फडके बांधावे. आणि एक गोष्ट विसरू नये. खड्ड्यात ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, खताच्या पिशव्या यांतील एकही वस्तु जाऊ देऊ नये. त्या जमिनीतले मूळ उद्या कोणाच्या तरी औषधात जायचे आहे.

एक एकर कपाशीच्या वाळल्या काड्या साधारण १० क्विंटल धरल्या तर दोन ते अडीच क्विंटल कोळसा हाती येतो. यावरूनच कळेल की एकरी चार-पाच टनांची शिफारस घरच्या काड्यांतून पुरी होणे शक्य नाही, आणि विकत घेऊन ती परवडत नाही. म्हणूनच आम्ही १० गुंठ्यांची गोष्ट बोलत आहोत. एका एकराचा कोळसा, १० गुंठे जमीन.

खताशी जोड कशी घालावी?

परवा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, “साहेब, कोळसा टाकला म्हणजे युरिया बंद ना?” आम्ही म्हणालो, आबा, कोळसा हे रिकामे कोठार आहे, त्यात माल भरावा लागतो. ताजा कोरडा कोळसा तसाच जमिनीत गेला तर तोच पहिल्याप्रथम जमिनीतील नत्र धरून बसतो आणि पीक महिनाभर पिवळे राहते. कोळशाबरोबर रासायनिक खत बंद करणाऱ्यास पहिल्या वर्षी नुकसान दिसते ते यामुळे. उलट पूर्वीइतके खत देऊन वर कोळसा टाकला तर हलक्या जमिनीत खताचा वाहून जाणारा भाग थोडा अडविला जातो. खत कमी करावयाचे ते दोन-तीन हंगाम वजने घेऊन, अनुभवाने. पहिल्याच वर्षी निम्मे करण्यास आम्ही सांगणार नाही.

कोळसा मुरविण्याची रीत अशी. दोन क्विंटल कुटलेला कोळसा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक. त्यात आठ क्विंटल चांगले कुजलेले शेणखत किंवा मळीचे कंपोस्ट. थरावर थर देत प्रत्येक थरावर सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरावे. सुपर आम्लधर्मी असते, त्यामुळे शेणखतातील नत्राचा वायू उडणे कमी होते आणि कोळशाचा अल्कपणाही थोडा सौम्य होतो. शिवाय त्यातून गंधक मिळते. ढिगावर ओल ठेवून तीन-चार आठवडे सावलीत झाकावा, दोनदा वरखाली करावा.

युरिया मात्र या ढिगात मिसळू नये. कोळशाचा सामू जास्त, ढीग ओला आणि गरम. अशा ठिकाणी युरिया टाकला की अमोनियाचा वास सुटतो, म्हणजे पैसे हवेत जातात. युरिया पिकाला वेगळा, ओल असताना, मातीआड करून द्यावा.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेस भरते, तेव्हा घोडेबाजारात लीद ढिगाने पडलेली असते. लीद गरम म्हणून आपले लोक हात लावीत नाहीत. ती चार-सहा महिने कुजवून शेणखताऐवजी या ढिगात वापरण्यास हरकत नाही. कपाशी उपटण्याचाही तोच सुमार असतो, तेव्हा गाडी रिकामी परत आणण्यापेक्षा लीद भरून आणावी.

औषधी पिकांपैकी आसंधच का?

आसंध म्हणजे अश्वगंधा. तिला ढोरगुंज असेही म्हणतात. आपल्या बांधावर, पडीक जागी ती आपोआप उगवते. हलकी ते मध्यम, निचऱ्याची जमीन तिला मानवते, आणि सामू ७.५ ते ८ असला तरी ती तक्रार करीत नाही. म्हणजे कोळशाच्या अल्कपणाचा धोका या पिकास इतरांपेक्षा कमी. पाणी साचले तर मात्र कुजते. तेव्हा उसाच्या काळ्या रानात ती लावू नये, तापीच्या घळीकडील किंवा मुरमाड तुकड्यात लावावी. अशा तुकड्यात ऊस तरी कुठे बरा येतो?

पेरणी जुलैअखेर ते ऑगस्ट, मोठा पाऊस उलटल्यावर. फेकून पेरल्यास हेक्टरी १० ते १२ किलो बी लागते, ओळीत पेरल्यास निम्म्यात भागते. मंदसौरची जवाहर असगंध-२० आणि लखनौच्या सीमॅप संस्थेची पोषिता या जाती परिचित आहेत. साधारण पाच-साडेपाच महिन्यांत पाने वाळू लागतात, फळे लाल होतात, तेव्हा मुळे काढावीत.

या पिकास खत फार लागत नाही. हेक्टरी सुमारे १५ किलो नत्र व १५ किलो स्फुरद पुरेसे होते. उसाला पोत्यांनी युरिया देणाऱ्या आपल्या हाताला हे पटणे अवघड जाते. पण आसंधाला नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि पैसा तर मुळात आहे. मूळ जाड, सरळ, मोडल्यावर आत पांढरे असेल तर वरचा भाव, बारीक तंतुमय असेल तर खालचा. १० गुंठ्यांचा हिशेब सव्वातीन किलो युरिया आणि साडेनऊ किलो सुपर एवढाच होतो. सुपर ढिगात गेलेलेच आहे. युरियाचा निम्मा भाग विरळणीनंतर, उरलेला महिन्याने. मुरविलेला कोळसा-खताचा ढीग पेरणीपूर्वी ओळींतच द्यावा, सगळ्या रानात विखरू नये.

तणनाशकाबाबत एक सूचना. कोळसा तणनाशकही शोषून घेतो. उसात आपण जमिनीवर जे अ‍ॅट्राझीन मारतो त्याचा परिणाम कोळसा घातलेल्या पट्ट्यात कमी होऊ शकतो. आसंधात तर कोणतेही तणनाशक मारू नये, खुरपणीच करावी.

प्रयोग खरा ठरण्यासाठी १० गुंठ्यांचे तीन सारखे पट्टे करावेत. एका पट्ट्यात नुसते रासायनिक खत. दुसऱ्यात तेच खत व शेणखत. तिसऱ्यात तेच खत, तेवढेच शेणखत आणि कोळसा. असे केल्यास वरील ढिगातील कोळसा निम्म्याहून कमी लागेल, उरलेला पुढील वर्षासाठी ठेवावा. दुसरा पट्टा बरेच जण गाळतात. मग शेणखताने आलेले पीक कोळशाच्या नावावर जमा होते, आणि पिशवी विकणाऱ्यास आयतीच जाहिरात मिळते. आम्हास दाखविलेल्या दोन-चार प्लॉटांवर असा पट्टा कोठेही नव्हता.

आता बाजार. २००० सालाच्या आगेमागे सफेद मुसळीची लाट आली होती, ती अनेकांना आठवत असेल. ही वनस्पती आपल्या सातपुड्यातलीच. पावसाळ्यात डोंगरातील लोक तिच्या पानांची भाजी खातात. तेव्हा बेण्याचा भाव आकाशाला भिडला होता आणि शेजारी शेजाऱ्याला बेणे विकून पैसे मिळवीत होता. वाळलेल्या मुळ्या घेऊन बाजारात जाण्याची वेळ आली तेव्हा तो भाव कोठेच नव्हता. बेण्याच्या भावास पिकाचा भाव समजण्याची ती गफलत आजच्या करारांतही दिसते. कागदावर सही करण्यापूर्वी मूळ किती वाळलेले घेणार, प्रत कोण ठरविणार, तपासणीचा खर्च कोणाचा, आणि माल नाकारला तर काय, या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. आसंधाची मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमचला आहे. पेरणीपूर्वीच तेथील दोन आडत्यांकडे मुळाचा भाव विचारावा, नुसत्या बियाणे विकणाऱ्याकडे विचारू नये.

ज्या सभासदांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी प्रथम त्या तुकड्याची माती तपासावी. नमुना इंग्रजी व्ही आकाराच्या खड्ड्यातून, नऊ इंच खोलीपर्यंत, आठ-दहा ठिकाणचा घेऊन एकत्र करावा, आणि अर्धा किलो माती गट क्रमांकासह फडक्याच्या पिशवीत गट ऑफिसात आणून द्यावी. काढणीनंतर तिन्ही पट्ट्यांच्या मुळ्या वेगवेगळ्या वाळवून, वेगवेगळ्या तोलून, वजने आमच्या ऊस विकास विभागाकडे नोंदवावीत. कोळशाचा पट्टा मागे पडला असेल तर तेही वजन आणून द्यावे.